रक्तातली दीपमाळ

दिवाळीच्या अंकात साप आणि रक्त यांची गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी मजवर रागावू नये. फराळाचे ताट पुढ्यात असताना असला विषय कोणाला रुचणार? पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दिवाळी आणि कापसाची वेचणी या दोघी एकाच सुमारास दाराशी येतात. पऱ्हाटीला बोंडे फुटतात, सीतादही होते, बायामाणसे ओट्या बांधून पहाटेच शेतात शिरतात. आणि त्याच पऱ्हाटीच्या बुडाशी, धुऱ्यावरच्या गवतात, उंदरांच्या मागावर आलेली परड वेटोळे घालून पडलेली असते. घोणशीला आमच्याकडे परड म्हणतात. तेव्हा आमच्या दिवाळीतून हा साप वगळता येत नाही. त्याने मला जे शिकविले, ते मी शाळेत शिकलो नव्हतो. आणि ज्या दिवशी शिकलो त्या दिवशी एका बाईचा जीव जवळजवळ गेलाच होता.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका लहानशा गावात नवखा मास्तर होतो. दिवाळीची सुट्टी लागायला दोन दिवस होते. दिवेलागणीला माझ्या वर्गातला एक मुलगा धापा टाकीत आला आणि म्हणाला, "गुरुजी, मायले पान लागलं!" सापाचे नाव संध्याकाळी घेऊ नये म्हणून आपले लोक 'पान लागले' असे म्हणतात. मी धावत गेलो. त्याची आई अंगणात बाजेवर पडली होती. घोट्याच्या वर दोन टोके उमटली होती आणि पाय सुजत चालला होता. गावात भारनियमनाचा अंधार होता. कोणी पायाला करकचून दोरी बांधली होती, कोणी मांत्रिकाला बोलवायला गेले होते. एक शेजारी म्हणाला, "मास्तर, पातं आहे का घरी? चिरून विष काढून टाकू."

ते पाते मी आणून दिले. दाढी करण्याचे, नवे, कागदातले. पाते फिरत असताना कंदील धरून मीच उभा होतो. आपण काही उपयोगाचे करीत आहोत, असेच मला त्या वेळी वाटत होते.

पायावर तीन चिरा पडल्या, आणि त्यांतून येणारे रक्त थांबेना. आधी वाटले, विष निघते आहे, बरे आहे. तासाभराने फडके बदलले, दोन तासांनी दुसरे बदलले. मध्यरात्री बाईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. मांत्रिकाचे मंत्र चालूच होते. पहाटे एकदाची बंडी जुंपली, पुढे रस्त्यावर जीप मिळाली आणि आम्ही दवाखान्यात पोहोचलो.

डॉक्टरांनी कसलेही मोठे यंत्र काढले नाही. बाईच्या दंडातून थोडेसे रक्त काढून काचेच्या एका कोरड्या नळीत घातले, नळी टेबलावर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. वीस मिनिटे कोणी नळीला हात लावायचा नाही, असे त्यांनी बजावले. वीस मिनिटांनी त्यांनी नळी एकदा आडवी केली. एव्हाना रक्ताचा दह्यासारखा घट्ट गोळा व्हायला हवा होता. ते पाण्यासारखे वाहिले. डॉक्टर म्हणाले, "परडच. हिचं रक्त साकळायचं विसरलंय. अन् मास्तर, या चिरा कोणी पाडल्या?"

मी उत्तर दिले नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला तो बसलाच. रक्त साकळायचे विसरते म्हणजे काय? मुळात ते साकळते तरी कसे? आपल्या अंगात चोवीस तास वाहते असलेले रक्त बोट कापताच दोनचार मिनिटांत घट्ट कसे होते, आणि अंगात असताना का होत नाही? पुढची कित्येक वर्षे मिळेल त्या पुस्तकातून, भेटेल त्या डॉक्टरांकडून मी ही गोष्ट गोळा केली. ती एखाद्या कादंबरीहून कमी चित्तवेधक नाही.

*

सापाच्या दंशाने रक्तस्राव होतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे प्रकार सांगितले आहेत. दर्वीकर म्हणजे फणेवाले. मंडली म्हणजे ज्यांच्या अंगावर वर्तुळे असतात ते. आपल्या घोणशीच्या पाठीवरची साखळीसारखी चट्टेरी नक्षी आठवावी. या मंडलींच्या विषाने शरीराच्या वरच्या व खालच्या द्वारांतून रक्त येते, असे सुश्रुत सांगतो. निरीक्षण अचूक आहे. पण रक्त का येते, याचे उत्तर मिळायला पुढे फार काळ जावा लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पॅट्रिक रसेल नावाचा एक डॉक्टर होता. कारोमंडलच्या किनाऱ्यावर हिंडून त्याने साप जमविले, लोकांकडून त्यांची देशी नावे टिपून घेतली, आणि १७९६ साली हिंदुस्थानातील सापांवर चित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. घोणशीला शास्त्रीय नाव मिळाले ते याच रसेलवरून. पुढे १८७२ मध्ये जोसेफ फेरर याचा हिंदुस्थानातील विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ निघाला. फेरर कलकत्त्यास होता. त्याने प्रयोगांत एक गोष्ट पाहिली: नागाच्या विषाने मेलेल्या जनावराचे रक्त नंतर साकळते, पण घोणशीच्या विषाने मेलेल्याचे पातळच राहते. म्हणजे दोन्ही विषे मारक खरी, पण त्यांची मारण्याची रीत वेगळी.

या कोड्याची पुढची गाठ सुटली ती आपल्या मुंबईत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यावर लस शोधणारा हाफकिन आणि त्याची प्रयोगशाळा यांची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ही प्रयोगशाळा १८९९ साली गेली. तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. प्लेगच्या त्या धामधुमीत तेथे जॉर्ज लँब नावाचा लष्करी डॉक्टर सापांच्या विषांवर काम करीत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने घोणशीच्या विषाचे प्रयोग केले, तेव्हा दोन परस्परविरुद्ध गोष्टी दिसल्या. विषाची मोठी मात्रा एकदम शिरेत गेली तर जनावराचे रक्त शिरांतच गोठून ते जागच्या जागी मरे. मात्रा लहान असली, किंवा विष हळूहळू भिनले, तर उलट रक्त साकळण्याची शक्तीच गमावून बसे.

एकच विष रक्ताला गोठवते आणि तेच विष त्याला गोठू देत नाही! हे कसे? विशेष म्हणजे, ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन या शास्त्रज्ञाला १८९० नंतरच्या दशकात तेथील काळ्या सापाच्या विषाबद्दल अगदी असाच अनुभव आला होता. हाच मार्टिन १९०५ साली प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईस आला आणि लँब त्या संशोधकांच्या मंडळात होता. उंदीर आणि पिसवा मोजण्याच्या त्या दिवसांत या दोघांचे सापांवर काही बोलणे झाले असेल का? माझ्यातल्या कादंबरीकाराला तो प्रसंग रंगविण्याचा मोह होतो. पण इतिहास लिहिताना तो आवरलेला बरा.

लँबने आणखी एक मोलाची गोष्ट दाखविली. कालमेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर उतारा म्हणून घोड्याच्या रक्तापासून लस केली होती. ती घोणशीच्या विषावर चालत नाही, हे लँबने सिद्ध केले. ज्या सापाचे विष, त्यावर त्याच्याच विषापासून केलेला उतारा हवा. आज आपल्या दवाखान्यांत मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकदम चालते, ती या चौघांची विषे घोड्यांना टोचून केलेली असते म्हणून.

*

घोणस रक्ताला काय करते हे कळले. पण कसे करते? त्यासाठी आता मुंबईहून लंडनला जावे लागेल.

काही मुलगे जन्मतःच असे असतात की त्यांचे रक्त लवकर साकळत नाही. या विकाराला हिमोफिलिया म्हणतात. रशियाच्या शेवटच्या झारचा मुलगा याच विकाराने ग्रासलेला होता. १९३० नंतरच्या त्या दशकात अशा मुलाचा साधा दात काढणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ असे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातल्या ग्विन मॅकफार्लेन या तरुण डॉक्टरच्या मनात आले, की सापाच्या विषाने रक्त गोठते, तर ते या मुलांच्या जखमेवर का लावू नये? लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचा प्रमुख बर्जेस बार्नेट याने त्याला निरनिराळ्या सापांची विषे दिली. सगळी तपासून पाहता सर्वांत प्रभावी ठरली आपल्या घोणशीची. दहा हजार भागांत एक भाग इतके ते पातळ केले, तरी हिमोफिलियाचे रक्त त्याने काही सेकंदांत साकळे. १९३४ साली ही हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या पत्रात आली. विषाचा बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवून रक्त थांबवू लागले. आमच्या धुऱ्यावरची परड विलायतेत मुलांचे प्राण वाचवीत होती!

पण मॅकफार्लेन तेवढ्यावर थांबला नाही. हिमोफिलियाच्या रक्तात काहीतरी कमी आहे, तरी घोणशीच्या विषाने ते साकळते. याचा अर्थ, जे कमी आहे त्याला वगळून विष पुढच्याच एखाद्या दाराने आत शिरत असले पाहिजे. म्हणजे रक्त साकळणे ही एक क्रिया नव्हे. ती पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. मग या पायऱ्या किती?

जर्मनीत मोराविट्झने १९०५ च्या सुमारास चार गोष्टी सांगितल्या होत्या. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे एक प्रथिन विरघळलेले असते. थ्रॉम्बिन हे दुसरे प्रथिन त्याचे तुकडे तोडून त्याचे धागे, म्हणजे फायब्रिन, बनविते. हे थ्रॉम्बिन रक्तात तयार नसते. प्रोथ्रॉम्बिन या निजलेल्या रूपात असते. त्याला जागे करण्यासाठी जखमी मांसातला एक पदार्थ आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो. हे चित्र बरोबर होते, पण अपुरे होते. पुढे एकेका रोग्याच्या रक्तात एकेक नवा घटक उणा निघू लागला आणि बहुधा त्या रोग्याच्या नावानेच तो घटक ओळखला जाऊ लागला. १९५२ च्या नाताळात इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात 'ख्रिसमस रोग' जाहीर झाला, तेव्हा लोकांना वाटले की सणाची थट्टा आहे. पण ज्या लहान मुलाच्या रक्तावरून तो कळला त्याचे आडनावच ख्रिसमस होते. अमेरिकेतील क्लीव्हलँडला एका रेल्वे कामगाराचे रक्त काचेच्या नळीत साकळेना. पण त्याला स्वतःला जखमेतून जास्त रक्त गेल्याचे कधी आठवत नव्हते! १९५५ साली त्याचे नाव, हेजमन, हे एका घटकाला मिळाले. नावांचा असा गोंधळ वाढला तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी बसून घटकांना रोमन आकडे दिले, एकपासून तेरापर्यंत. त्यात सहावा आकडा रिकामाच राहिला, कारण सहावा म्हणून जो सांगितला गेला तो वेगळा घटक नाही असे निघाले.

आणि १९६४ साली, ऑक्सफर्डला स्थायिक झालेल्या त्याच मॅकफार्लेनने सगळी साखळी जुळवून दाखविली. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनीही स्वतंत्रपणे तेच सांगितले. मॅकफार्लेनने या रचनेला धबधब्याच्या पायऱ्यांची उपमा दिली. पण मला, दिवाळीचा लेख लिहिणाऱ्या मास्तराला, आपली देवळासमोरची दीपमाळ अधिक जवळची वाटते.

*

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पाजळतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. पणत्या तेलवात घालून सज्ज आहेत, पण एकही पेटलेली नाही. तळाशी एक पेटते. तिने वरच्या दोनतीन पेटवितात, त्या वरच्या आणखी कित्येक. आणि पाहता पाहता शिखरापर्यंत उजेड होतो. आपल्या रक्तातील ही प्रथिने अशीच, सज्ज पण न पेटलेली असतात. बहुतेक सगळी आपले यकृत बनविते. प्रत्येक प्रथिन म्हणजे म्यानातली कात्री समजा. आधीच्या पायरीवरची कात्री येऊन नेमक्या जागी म्यान कापते. की ही कात्री मोकळी होऊन पुढच्याचे म्यान कापायला निघते. एक कात्री पुष्कळ म्याने कापू शकते, म्हणून प्रत्येक पायरीला काम वाढत जाते. अगदी थोडक्या ठिणगीतून थोड्याच मिनिटांत जखम बुजण्याइतके धागे तयार होतात, ते यामुळे.

पहिली ठिणगी कोठली? ती रक्तात नसतेच. रक्तवाहिनीच्या भिंतीबाहेरच्या पेशींवर एक प्रथिन असते. बोट कापले, भिंत फुटली, की रक्तातला सातवा घटक त्याला जाऊन भिडतो आणि तळची पणती पेटते. निरोगी वाहिनीत रक्त आणि ही ठिणगी यांची गाठच पडत नाही. म्हणून वाहते रक्त पातळ राहते. पुढे सातव्याने दहावा जागा होतो. दहावा पाचव्याच्या मदतीने प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो. हे पहिले थ्रॉम्बिन थोडेसेच असते. पण ते मागे वळून पाचव्याला, आठव्याला, अकराव्याला जागे करते आणि मग आठवा व नववा मिळून दहाव्याचा लोंढा उठवितात. हिमोफिलियाच्या मुलांत हा आठवा किंवा नववा उणा असतो. ठिणगी पडते, पण आग धरत नाही. हे सारे काम जखमेशी गोळा झालेल्या रक्तातील बारीक चकत्यांच्या अंगावर चालते, म्हणून ते जखमेपुरतेच राहते. शेवटी फायब्रिनोजेनचे धागे होतात. सरकीवरचा कापूस पिंजावा तसे त्यांचे जाळे बनते आणि तेरावा घटक त्या जाळ्याला गाठी मारतो. शिवाय दीपमाळ फार पेटू नये म्हणून विझविणारेही शरीरात ठेविलेले असतात. जिथे पेटविणारा असतो तिथे विझविणारा आधीच नेमलेला असतो, ही निसर्गाची दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

आता घोणस काय करते ते पाहा. ती तळाच्या पणतीकडे जातच नाही. तिच्या विषातले एक प्रथिन सरळ मधल्या पायरीवर चढते आणि दहाव्या घटकाचे म्यान कापते. तेही शरीराची स्वतःची कात्री ज्या जागी कापते, नेमक्या त्याच जागी! दुसरे एक प्रथिन पाचव्याला जागे करते. म्हणूनच आठवा घटक नसलेल्या मुलाचे रक्तही तिने साकळे. कोकणातले फुरसे याहून वरची पायरी गाठते. ते प्रोथ्रॉम्बिनलाच जागे करते. १८६२ च्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने फुरशांवर इनाम लावले, तेव्हा आठवडाभरात लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. यावरून त्या विषाची धास्ती केवढी होती हे ध्यानात येईल.

या विषाला जखमेचे ठिकाण ठाऊक नसते. ते रक्ताबरोबर सर्वांगात फिरते आणि जागोजागी दिवे पेटवीत सुटते. एकदम पुष्कळ विष शिरेत गेले तर लँबच्या प्रयोगातल्या जनावरासारखे रक्त तिथल्या तिथे गोठते. पण माणसाच्या पायाला दंश झाला की विष हळूहळू भिनते. कच्चे, बारीक धागे सतत बनत राहतात आणि शरीर ते विरघळवीत राहते. मोठी गुठळी दिसत नाही. पण इकडे फायब्रिनोजेनचा साठा मात्र संपून जातो. सगळ्या गावात विनाकारण दिवे जाळले, तेल संपले. आणि मग खरोखर अंधार पडला तेव्हा पणतीत घालायला थेंब उरला नाही. परळच्या प्रयोगशाळेतल्या दोन विरुद्ध गोष्टींचा उलगडा हा असा. गोठविणारे विषच शेवटी गोठू देत नाही.

मी दिलेल्या पात्याने काय केले, तेही मला इथे समजले. ज्या रक्तात धागा बनण्याची शक्ती उरणार नव्हती, त्याला आम्ही तीन नवी दारे उघडून दिली होती.

*

डॉक्टरांच्या त्या नळीचेही रहस्य मग कळले. ती काचेचीच का? तर काचेच्या पृष्ठाला लागताच बारावा घटक, म्हणजे त्या रेल्वे कामगाराच्या नावाचा, जागा होतो आणि साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या नळीत ती तशी सुरू होत नाही; साबणाने धुतलेल्या काचेतही होत नाही; आणि मग चांगले रक्तसुद्धा बिघडलेले वाटते. म्हणून नळी नवी, कोरडी, स्वच्छ काचेची हवी. बाराव्याचे अंगात फारसे काम नाही, पण काचेत त्याच्यावाचून अडते. म्हणून तर त्या कामगाराचे रक्त नळीत साकळेना आणि जखमेत साकळे. १९७० नंतरच्या दशकात डेव्हिड वॉरेल या इंग्रज डॉक्टरने आणि त्याच्या सोबत्यांनी नायजेरियात फुरशाच्या रोग्यांवर ही खाटेजवळची सोपी कसोटी वापरली. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. घड्याळ आणि धीर एवढेच लागते.

त्या बाईला लस दिली. सहा तासांनी पुन्हा नळी लावली. सहा तास का, असे मी विचारले. लस रक्तातल्या विषाला बांधते, पण संपलेले तेल परत आणीत नाही. ते यकृताला नव्याने करावे लागते आणि त्याला वेळ लागतो, असे डॉक्टरांनी सांगितले. सहा तासांनीही रक्त पातळच होते. लस पुन्हा दिली. तिसऱ्या वेळी नळी आडवी केली, तर आतला गोळा हलला नाही. त्या नळीकडे मी जितक्या आनंदाने पाहिले तितक्या आनंदाने कोणत्याही वर्षीच्या आकाशकंदिलाकडे पाहिलेले नाही. पण उशीर व्हायचा तो झालाच होता. मूत्रपिंडे बिघडली आणि बाईला नागपूरला नेऊन काही आठवडे यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागले. लक्ष्मीपूजन दवाखान्याच्या ओट्यावर झाले. ती वाचली, ही देवाची आणि डॉक्टरांची कृपा. त्यात मांत्रिकाचा किंवा माझा वाटा नव्हता.

आपल्या देशात सर्पदंशाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती योजना काढली. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणावयाचे आहेत. योजना चांगली आहे. पण ती धुऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि तेथवर पोहोचविणे हे काही अंशी आपलेही काम आहे. म्हणून थोडक्यात सांगतो. पान लागले तर माणसाला धीर द्यावा, आडवे निजवावे, पाय किंवा हात फळीला सैलसर बांधून हलू देऊ नये. करकचून दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. वेळ पाहून ठेवावी आणि लस असलेल्या दवाखान्याकडे ताबडतोब निघावे. साप मारून बरोबर नेण्याच्या खटपटीत पडू नये. काचेची नळी पुष्कळ काही सांगून जाते.

आणि सापाचाही फार राग धरू नये. घोणस उंदरांसाठी येते, आपल्यासाठी नव्हे. तिचे विष आजही प्रयोगशाळांत कामाला येते. ज्या स्त्रियांचे गर्भ पुनःपुन्हा पडतात, त्यांच्या रक्तात गुठळ्या करणारा एक दोष आहे की नाही, हे पाहण्याच्या कसोटीत पातळ केलेले घोणशीचे विष घालतात. कोणाचे दात, कोणाचे पाळणे! विष तेच, मात्रा आणि जाणता हात बदलला, की त्याचे काम बदलते.

त्या बाईचा मुलगा आता मोठा झाला आहे, आणि शेत तोच पाहतो. दर दिवाळीला तो पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस माझ्याकडे आणून देतो. त्याच्या आईनेच तशी चाल पाडली आहे. "गुरुजीले वातीले लागते," असे ती म्हणते. त्या पात्याचा उल्लेख तिने कधी केला नाही. मीच एकदा केला, तेव्हा हसून म्हणाली, "तुम्हाले तरी काय ठाऊक होतं गुरुजी? आता पोराइले शिकवा म्हणजे झालं."

तसे मी शिकवितो. दरवर्षी सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी वर्गात काचेची एक नळी आणि दह्याची वाटी घेऊन उभा राहतो, आणि रक्त कसे साकळते ते सांगतो. यंदाही सांगितले. घरी येऊन त्या कापसाच्या वाती वळल्या, पहिली पणती लावली, तिच्यावर दुसरी लावली. बाहेर पऱ्हाटी पांढरी झाली होती आणि उद्या सकाळी बाया तिच्यात उतरणार होत्या.